चार पंखांची माशी उडत का नाही?

हे आपल्या नव्या भागाचं लिखित रूप, ज्यांना मेट्रोत इअरफोन लावायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. बोलताना मी अर्धा डझन वेळा "म्हणजे कसं आहे ना" म्हणालो होतो, ते काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय आहे चिलटं. केळी जरा जास्त पिकली की घरात कुठून कुणास ठाऊक उगवतात ना, तीच. आमच्या नागपुरात संत्र्याच्या सीझनमध्ये कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडा, तोंडावर येतात. विज्ञानातलं त्यांचं नाव ड्रोसोफिला. पुस्तकात 'फळमाशी' लिहितात, पण शेतकऱ्याला विचाराल तर त्याची फळमाशी वेगळी, ती आंब्यात-पेरूत अंडी घालून फळ सडवणारी. आपली ही गरीब बिचारी फक्त आंबलेल्या रसाच्या मागे असते. तिच्यामुळे सहा नोबेल मिळाली म्हणतात, कोणी दहा म्हणतं, कसं मोजता त्यावर आहे. पण मी तिच्यापर्यंत नोबेलमुळे पोचलो नाही. घरातल्या भांडणामुळे पोचलो.

गेल्या वर्षी दादाला मुलगी झाली. सगळं छान. फक्त डाव्या हाताला अंगठ्याला चिकटून अजून एक छोटा अंगठा. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले काळजीचं काही नाही, साधारण वर्षाची झाली की छोटं ऑपरेशन करू. दवाखान्यात विषय पाच मिनिटांत संपला. घरात नाही संपला. आजी म्हणाली, "गिऱ्हानात काहीतरी चिरलं असन तिनं." काकूंनी वहिनीच्या माहेरच्या एकेकाचे हात आठवून पाहिले. आणि माझा आतेभाऊ, जो घरातला सायन्सवाला, तो म्हणाला, "टेस्ट करून टाका ना, कोणाकडचा जीन आहे ते कळून जाईल." तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी माणूस शहाण्यासारखं बोलला. नंतर लक्षात आलं की आजी आणि आतेभाऊ एकच गोष्ट बोलत होते. एक माणूस शोधा, ज्याच्यामुळे हे झालं.

रात्री वहिनीने मला हळूच विचारलं, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचत असता. माझ्याकडून आलं का हो ते?"

मी म्हणालो, वाचून सांगतो. मी कोड लिहिणारा माणूस. कुठे काही बिघडलं की कोणत्या फाईलमध्ये, कोणत्या ओळीत, एवढंच शोधायची सवय. बारावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकलेला. वाचायला बसलो आणि पोचलो मुंबईत, कुलाब्याला, माशांच्या बाटल्यांपाशी. पण तिथे जायच्या आधी थोडं मागे जावं लागेल.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक होते. छोट्याशा खोलीत, दुधाच्या बाटल्यांमध्ये, केळी खाऊ घालून त्यांनी या माशा पाळल्या. खर्च जवळजवळ शून्य, आणि दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. १९१० मध्ये त्यांना लाल डोळ्यांच्या माशांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि तिथून आनुवंशिकतेचा हिशोब सुरू झाला. जनुक, म्हणजे आपण बोलतो तो जीन, गुणसूत्रावर ठरावीक जागी बसलेला असतो, हे या खोलीत कळलं.

याच खोलीतल्या कॅल्विन ब्रिजेसला १९१५ मध्ये एक विचित्र माशी दिसली. इथे माशीचं शरीर जरा समजून घ्या, पुढे सगळी गोष्ट त्यावरच आहे. माशीच्या छातीचे तीन खंड असतात. दुसऱ्या खंडावर पंखांची जोडी. तिसऱ्या खंडावर पंख नाहीत. तिथे टाचणीसारख्या दोन काड्या असतात, टोकाला गोळी. त्यांना हॉल्टिअर म्हणतात. उडताना त्या पंखांबरोबर थरथरतात आणि माशीला आपण कुठे वळतोय, कुठे कलंडतोय ते सांगतात. फोनमधला जायरोस्कोप आठवा. ब्रिजेसच्या माशीत या हॉल्टिअरचा काही भाग पंखासारखा झाला होता. अवयव बिघडला नव्हता, अवयवाच्या जागी दुसरा धडधाकट अवयव येऊ पाहत होता. त्या बदलाचं नाव पडलं बायथोरॅक्स.

मग आले एड लुईस. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये या माणसाने जवळपास अख्खं आयुष्य या एका भानगडीवर घातलं. रात्री काम करायचे, मधूनच बासरी वाजवायचे. आपल्याकडे तीन महिन्यांत रिझल्ट दिसला नाही की मॅनेजर प्रोजेक्ट बंद करतो. लुईसचा मोठा शोधनिबंध आला १९७८ मध्ये, कामाला लागून तीसेक वर्षं झाल्यावर. त्यांनी या भागातले वेगवेगळे बदल एकाच माशीत गोळा केले, आणि तयार झाली चार पंखांची माशी. तिसऱ्या खंडावर काड्यांच्या जागी पूर्ण वाढलेले पंख. तो फोटो तुम्ही कुठल्या तरी पुस्तकात पाहिलाच असेल.

लुईसना जे उमगलं ते असं. ही जनुकं पंख बनवत नाहीत, काडीही बनवत नाहीत. ती प्रत्येक खंडाला सांगतात की तू कोण आहेस. त्यातल्या एकाचं नाव अल्ट्राबायथोरॅक्स, आपण यूबीएक्स म्हणू. ते तिसऱ्या खंडाला म्हणतं, तू तिसरा आहेस. ते गप्प बसलं, की तिसरा खंड स्वतःला दुसरा समजतो आणि पंख काढून बसतो. अजून एक मजा म्हणजे ही जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमाने ओळीत आहेत, शरीरावर साधारण त्याच क्रमाने काम करतात, डोक्याकडची आधी, शेपटीकडची नंतर. १९८४ मध्ये कळलं की या जनुकांत एक छोटा तुकडा सारखाच आहे, आणि तो बेडकात, उंदरात, माणसातही आहे. आपल्यात अशी ३९ जनुकं आहेत. तुमच्या मानेचा मणका आणि कमरेचा मणका वेगळा का, याचं उत्तर त्यांच्यात आहे.

पण खंडाला नाव द्यायचं तर आधी खंड पडायला हवेत. ते कसं पडतात ते जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी शोधलं. पद्धत एकदम रांगडी होती. माशांची जनुकं रसायनाने आंधळेपणाने बिघडवायची आणि हजारो वंशांमधल्या मेलेल्या अळ्या बघत बसायचं, की कोणाचं काय हुकलं. दोघांना एकाच वेळी डोळे लावता येतील असा मायक्रोस्कोप वापरायचे, म्हणजे वाद तिथल्या तिथे मिटायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेस्टिंग म्हणतो: एक एक गोष्ट तोडा आणि बघा काय पडतं. १९८० च्या त्यांच्या निबंधात अशी १५ जनुकं होती. एखादं बिघडलं की अळीत एकाआड एक खंड गायब, एखादं बिघडलं की प्रत्येक खंडाचा मागचा अर्धा भाग गायब. यातल्या एका बिघडलेल्या अळीच्या अंगभर काटेरी दातरे उगवले होते, म्हणून त्या जनुकाचं नाव ठेवलं हेजहॉग, तो साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी प्राणी. हे नाव लक्षात ठेवा.

या दोघांना आणि लुईसना मिळून १९९५ चं नोबेल मिळालं.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या काकूंनी ही ऐकली तर लगेच उचलतील. माशीच्या अंड्यात डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे आई ठरवते. बायकॉइड नावाच्या जनुकाचा निरोप आई अंड्याच्या एका टोकाला ठेवून देते; तिथून त्याचं प्रोटीन पसरतं, जिथे दाट तिथे डोकं, जिथे पातळ तिथे पुढचे भाग. आईचं हे जनुक बिघडलेलं असेल तर पिल्लाला डोकंच येत नाही. "बघा, म्हणजे आईच!" थांबा. बायकॉइड माशांच्या एका गटापुरतंच आहे. माणसात ते जनुक नाहीच.

आता कुलाबा.

समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची लांबलचक इमारत आहे, टीआयएफआर. होमी भाभांची संस्था, त्यामुळे भौतिकशास्त्राची आणि अणूची. तिथे १९६२ मध्ये भाभांनी ओबैद सिद्दीकी नावाच्या तरुण जनुकशास्त्रज्ञाला बोलावलं आणि जीवशास्त्राचा छोटा गट सुरू केला. सिद्दीकींनी सुरुवातीला जिवाणूंवर काम केलं. पुढे कॅलटेकमध्ये सीमोर बेन्झरबरोबर काम करताना माशांचा नाद लागला. तिथे त्यांनी अशा माशा अभ्यासल्या ज्या साध्या तापमानाला ठीक असतात, गरम केलं की लुळ्या पडतात, गार केलं की उठून चालू लागतात. तो नाद घेऊन ते मुंबईत परतले, आणि प्रश्न घेतला वास आणि चव यांचा. माशीला कळतं कसं?

त्यांच्याकडे पीएचडीला आली व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म १९५३ चा नैरोबीतला, शिक्षण डब्लिनला. तिथून सरळ कुलाब्याला. सिद्दीकींबरोबरचा तिचा १९७८ चा निबंध आहे, वास आणि चव न कळणाऱ्या माशा शोधून काढण्यावर. विचार करा, त्या काळात मुंबईत बसून माशीला एक एक वास देऊन, चुकणारी माशी वेगळी काढायची, तिची प्रजा वाढवायची, पुन्हा वास द्यायचा. पुढे ती टीआयएफआरमध्येच प्राध्यापक झाली आणि प्रश्न बदलत गेला: वास घेणारा अवयव मुळात घडतो कसा?

माशी वास घेते अँटेनाने. त्यावर बारीक केस असतात, तीन प्रकारचे, प्रत्येकाचा आकार वेगळा. हे केस नेमक्या जागी, नेमक्या प्रकारचे कसे येतात? रॉड्रिग्जच्या गटाने लॉस एंजेलिसच्या लोकांबरोबर १९९८ मध्ये एका जनुकाबद्दल लिहिलं, नाव लोझेंज. ते अगदीच बिघडलं तर एका प्रकारचे केस येतच नाहीत. पण खरी गंमत मधल्या अवस्थेत. लोझेंज किती आहे यावर केस कोणता येणार ते ठरतं. भरपूर असेल तर एक प्रकार, कमी असेल तर दुसरा. म्हणजे 'जीन आहे की नाही' हा प्रश्नच अपुरा. तर्री पोह्यात तर्री आहे की नाही एवढं विचारून चालत नाही ना, किती आहे त्यावर नाकातून पाणी येणार की नाही ते ठरतं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज २०१० मध्ये कॅन्सरने गेल्या. मराठीत त्यांच्याबद्दल मला फारसं सापडलं नाही, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

सिद्दीकींचा दुसरा एक विद्यार्थी होता के. विजयराघवन. हा माझ्यासारखाच बीटेकवाला, आयआयटी कानपूरचा केमिकल इंजिनीअर. (त्यापुढे आमच्यातलं साम्य संपतं. ते नंतर भारत सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार झाले, माझं अजून अप्रेझल अडकलंय.) पीएचडी टीआयएफआरमध्ये, मग कॅलटेक, मग परत कुलाबा. त्यांनी स्नायूंचा प्रश्न घेतला.

माशी अळीपासून बनते. कोषात गेली की अळीचे बहुतेक स्नायू विरघळून जातात आणि नवे तयार होतात. उडण्यासाठी छातीत लांबच लांब स्नायू असतात, प्रत्येक बाजूला सहा. ते येतात कुठून? जॉयस फर्नांडिस, केंब्रिजचे मायकल बेट आणि विजयराघवन यांनी १९९१ मध्ये ते दाखवलं. अळीच्या दुसऱ्या खंडातले प्रत्येक बाजूचे तीन जुने स्नायू या पाडापाडीतून वाचतात. नव्या पेशी येऊन त्यांच्याशी एकजीव होतात आणि त्या तिनाचे फाटून सहा होतात. जुना वाडा पाडला, पण तीन खांब ठेवले आणि त्यांच्यावरच नवं घर उभं केलं. तिसऱ्या खंडात असले उडायचे स्नायू नसतात. तिथे काड्याच तर आहेत, लागतात कशाला?

आता तुमच्या डोक्यात जो प्रश्न आला पाहिजे तोच कुलाब्यात आला. ती चार पंखांची माशी. तिच्या तिसऱ्या खंडावर पंख आले. मग आत उडायचे स्नायू आले का?

त्या माशांनी इतकी वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं सजवली, पण ती बापडी उडू शकत नाही. फर्नांडिस आणि विजयराघवन यांनी कॅलटेकच्या सूझन सेल्निकर आणि खुद्द एड लुईस यांच्याबरोबर तिची छाती उघडून पाहिली. निबंध आला १९९४ मध्ये, नोबेलच्या एक वर्ष आधी. दुसऱ्या जोडीच्या पंखांखाली स्नायूंचा तो पूर्ण संच नव्हता. बाहेरची कातडी म्हणत होती मी दुसरा खंड, पण आतले स्नायू आणि नसा तिचं पूर्णपणे ऐकत नव्हत्या. पुढे १९९७ मध्ये सुदीप्तो रॉय, एल. एस. शशिधर आणि विजयराघवन यांनी दाखवलं की दुसऱ्या खंडातले स्नायू आपला नकाशा स्वतःच्या आतल्या त्या 'तू कोण' वाल्या जनुकाकडून घेत नाहीत. म्हणजे कातडी, स्नायू आणि नसा यांचं आपापसात बोलणं चालतं, आणि त्या बोलण्यातून अवयव घडतो. एका जागी एक जनुक बदललं म्हणजे अख्खा चालणारा अवयव मिळाला, असं नाही. मला वाटतं त्या प्रसिद्ध फोटोखाली ही ओळ छापायला हवी होती: फोटो छान आहे, पण माशी उडत नाही.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला माझ्या आतेभावाला फोन करावासा वाटत होता.

या १९९७ च्या निबंधातले शशिधर पुढे हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये होते आणि मग २००७ मध्ये पुण्याला आले, नव्यानेच सुरू झालेल्या आयसरमध्ये. पाषाणला, एनसीएलच्या शेजारी. रस्त्याचं नाव होमी भाभा रोड, योगायोग बघा. त्यांनी त्याच यूबीएक्सचा हात धरून ठेवला. पंख आणि काडी यांच्या जनुकांत फरक काय? एकही नाही. दोन्हीकडे सगळी जनुकं तीच. यूबीएक्स काडी 'बनवत' नाही. पंख घडण्याचं जे काम चालू असतं, त्यात जागोजागी जाऊन ते काही गोष्टी थांबवतं. इथे वरची-खालची बाजू ठरवणारा निरोप दाब, तिथे वाढीचा निरोप दाब. उरतं ते काडी.

मग खरा गुंता आला. मधमाशीला चार पंख असतात. रेशीमकिड्याच्या पतंगालाही चार. (आपल्या भंडारा-गडचिरोलीचा टसर नाही, तुतीवरचा.) पण त्यांच्याही तिसऱ्या खंडात यूबीएक्स हजर असतं! मग तिथे ते पंख का थांबवत नाही? पहिला संशय, त्यांचं यूबीएक्स कमजोर असेल. पुण्याच्या गटाने मधमाशीचं आणि रेशीमकिड्याचं यूबीएक्स आपल्या चिलटात घातलं. त्याने पंखाची वाढ थांबवली, आपल्या देशी यूबीएक्ससारखीच. म्हणजे आरोपी निर्दोष. मग त्यांनी तिन्ही कीटकांत यूबीएक्स गुणसूत्रावर कुठे कुठे जाऊन बसतं त्याची यादी काढली. बहुतेक ठिकाणं ज्याची त्याची वेगळी, पण पंख घडवणारी बरीच जनुकं तिन्ही याद्यांत होती, तीस कोटी वर्षांनंतरही. फरक असा की चिलटात त्यातली अनेक जनुकं पंखात एका पातळीवर चालतात आणि काडीत वेगळ्या. मधमाशीत पुढच्या आणि मागच्या पंखात सारखीच. हा निबंध २०१६ चा.

मग बदललं काय? जनुकांच्या आजूबाजूला डीएनएचे काही पट्टे असतात, ज्यांच्यातून काही बनत नाही. ते फक्त ठरवतात की हे जनुक कुठे, कधी, किती चालायचं. स्विच म्हणा. पुण्याच्या कामाचा रोख या स्विचांकडे आहे. यूबीएक्स येऊन बसतं तेच, पण स्विचची वायरिंग कीटकागणिक बदललेली. माझ्या भाषेत, फंक्शन तेच, कॉन्फिग फाईल वेगळी. एवढीच उपमा धरा, जास्त ताणू नका. आमच्या कोडमध्ये निदान कोणीतरी कधीतरी बसून लिहिलेलं असतं. इथे तसं कोणी नाही, आणि कॉमेंटसुद्धा नाहीत.

आणि आता अंगठा.

तो हेजहॉग आठवतो? हायडेलबर्गची काटेरी अळी. १९९३ मध्ये कोंबडीत, उंदरात, झेब्राफिशमध्ये त्याची भावंडं सापडली. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं सोनिक हेजहॉग, हो, व्हिडिओ गेममधला निळा सोनिक. शास्त्रज्ञ माणसंच आहेत. आपला हात पोटात असताना आधी छोट्या कोंबासारखा फुटतो. त्या कोंबाच्या करंगळीच्या बाजूला सोनिक हेजहॉग चालू होतं आणि त्याचं प्रोटीन तिथून पसरतं. जिथे भरपूर तिथे करंगळी, जिथे जवळजवळ पोचत नाही तिथे अंगठा. माशीच्या अंड्यात बायकॉइड जे करतं, त्याच धर्तीचा हिशोब. फक्त माशीत तो मिलिमीटरभर नसलेल्या अंड्यात होतो आणि आपल्यात हाताच्या कोंबात.

आणि हातात हे जनुक चालू करणारा स्विच कुठे आहे माहितीये? त्याच गुणसूत्रावर, पण सुमारे दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात. २००३ मध्ये कळलं की काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येतं त्याचं कारण या स्विचमधला एका अक्षराचा बदल. जनुक ठणठणीत. स्विच थोडा चुकीच्या जागीही पेटतो, अंगठ्याच्या बाजूला, आणि हाताला वाटतं इथेही बोट काढायचं आहे. अमेरिकेत की वेस्टला हेमिंग्वे या लेखकाच्या घरी सहा बोटांच्या मांजरी आहेत, पर्यटक त्यांचे फोटो काढायला जातात. त्यांच्यातही बदल याच स्विचमध्ये निघाला.

म्हणजे आतेभावाचं 'कोणाकडचा जीन' हे वाक्य त्या कुटुंबांतही धड बसत नाही. आणि आमच्याकडे तर तेही नाही. अंगठ्याचं असं दुप्पट होणं बहुतेक वेळा एकाच हाताला असतं आणि घराण्यात आधी कोणालाच नसतं. आमच्या छोटीचं तसंच. कोंबाच्या त्या काही दिवसांत निरोप जरा इकडे तिकडे पसरला, एवढं पुरतं. डॉक्टरांनी टेस्ट सांगितलीच नव्हती, त्यांना या गोष्टी माहीत असणार. आम्हीच त्यांना विचारलं नाही.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं. कुलाबा, पुणे, मांजरी, सगळं. तिने मधेच थांबवलं, "भाऊजी, हात कोणत्या महिन्यात होतो?" मी म्हणालो, चौथ्या आठवड्याला कोंब फुटतो, आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात. ती हिशोब करत बसली. मग म्हणाली, "ग्रहण तर सातव्या महिन्यात होतं. तेव्हा मी घरात झोपून होते, आईंनी उठूच दिलं नव्हतं. पाणी पण नाही प्यायले."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन आजीला हे सांगितलं. म्हणाली, ग्रहणाच्या कितीतरी महिने आधीच हात तयार होता, बोटांसकट. आजीने सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं. मग छोटीचा तो दोन अंगठ्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "मंग आधीचं कोणतं दुसरं गिऱ्हान असन."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. पुढचा भाग त्यामुळे एखादा आठवडा उशिरा येईल, तेवढं सांभाळून घ्या.